मुलांची ॲलर्जी आणि इम्युनोथेरपी: एवढा मोठा कोर्स सुरू करावा का?

मोरपंख (ठाणे)

मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. पावसाळा लागला की उठल्या उठल्या शिंका, आणि एकदा लागल्या की थांबतच नाहीत. नाक सतत चोंदलेलं, रात्री तोंड उघडं ठेवून झोपतो. तळहाताने नाक खालून वर चोळून चोळून नाकावर आडवी रेघ उमटली आहे. यंदा त्यात रात्रीचा खोकला आणि छातीतली घरघर यांची भर पडली. बालरोगतज्ज्ञांनी स्पेसर लावून घ्यायचा इनहेलर आणि नाकात मारायचा स्प्रे दिला. त्याने चांगला फरक पडतो, पण औषध कमी केलं की पुन्हा येरे माझ्या मागल्या.

म्हणून रक्ताचं मोठं ॲलर्जी पॅनेल करून घेतलं. रिपोर्टमध्ये डस्ट माइट (घरातल्या धुळीत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे किडे), झुरळ, गहू, उडीद, वांगं, संत्रं, शेंगदाणा अशा कितीतरी गोष्टींपुढे पॉझिटिव्ह लिहून आलंय. तेव्हापासून घरात पोळी बंद, इडली-डोसा बंद, चटणी बंद. डब्यात रोज काय द्यायचं हा प्रश्न, आणि मुलगा बिचारा दुसऱ्यांच्या डब्याकडे बघत बसतो. शिंका मात्र होत्या तेवढ्याच आहेत.

एका क्लिनिकमध्ये नुसता रिपोर्ट बघून सांगितलं, "या सगळ्यांची मिळून एक बाटली बनवून देतो, रोज जिभेखाली थेंब, तीन वर्षं." दुसऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या की आधी त्वचेवरची चाचणी करू, आणि द्यायचीच झाली तर फक्त डस्ट माइटची इम्युनोथेरपी देऊ, म्हणजे त्याचाच अर्क थोडा थोडा देऊन शरीराला सवय करायची. दोघांच्या सांगण्यात एवढा फरक कसा? मुलांना ही ट्रीटमेंट दिलेल्या कुणाचा अनुभव आहे का? इंजेक्शन बरं की थेंब? आणि तीन वर्षं करून खरंच फरक पडतो का?

कडुनिंब (नाशिक)

मी बालरोगतज्ज्ञ आहे, ॲलर्जीच्याच मुलांमध्ये दिवस जातो. इथे लिहिलेलं तपासणीच्या जागी धरू नका, पण काही गोष्टी स्पष्ट सांगतो.

सगळ्यात आधी पोळी. हा रिपोर्ट येण्यापूर्वी मुलगा पोळी, इडली, दाण्याची चटणी रोज खात होता ना? खाल्ल्यावर तास-दोन तासांत अंगावर गांधी, ओठ सुजणं, उलटी, असं कधी काही झालं होतं का? झालं नसेल तर ते पदार्थ कशासाठी बंद केलेत हे तुमच्या डॉक्टरांना आजच्या आज विचारा. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई (ॲलर्जीत काम करणारी प्रतिपिंडं) सापडणं म्हणजे त्या पदार्थाची ॲलर्जी असणं नव्हे. बंगळुरू-म्हैसूर भागात प्रौढांची मोठी पाहणी झाली होती. तिथे साधारण चारातल्या एकाच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई मिळालं, पण ज्यांना खरी ॲलर्जी असावी असं म्हणता येईल ते शंभरात जेमतेम एक निघाले. वाढत्या वयाच्या मुलाचं जेवण निव्वळ कागद बघून कापलेलं पाहिलं की मला फार वाईट वाटतं. शिवाय चालू असलेला पदार्थ कारण नसताना बराच काळ तोडला, तर काही मुलांना पुढे त्याची खरी ॲलर्जी होते. एक्झिमा (कातडी कोरडी पडून खाज सुटणारा त्वचेचा त्रास) असलेल्या मुलांत हे विशेष बघायला मिळतं.

त्वचेवरची चाचणी म्हणजे स्किन प्रिक टेस्ट. हातावर किंवा पाठीवर ॲलर्जी करू शकणाऱ्या गोष्टींच्या अर्काचे थेंब ठेवून बारीक टोचतात, रक्तसुद्धा येत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी गांधी मोजतात. तुलनेसाठी ठेवलेल्या, अर्क नसलेल्या नुसत्या द्रावणाच्या थेंबापेक्षा गांधी किमान ३ मिलिमीटर मोठी असेल तर पॉझिटिव्ह. त्याआधी सेट्रिझिनसारखी अँटिहिस्टामिन औषधं पाचसात दिवस बंद ठेवावी लागतात. इनहेलर आणि नाकाचा स्प्रे बंद करायचा नाही. पालक तोच आधी बंद करतात आणि मूल दम लागलेल्या अवस्थेत चाचणीला येतं. आणि या चाचणीचा निकालही मुलाच्या त्रासाशी जुळला तरच कामाचा.

आता इम्युनोथेरपी. कल्पना जुनी आहे. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये लेनर्ड नून यांनी गवताच्या परागकणांचा अर्क टोचून १९११ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. आयजीईचा शोध लागला त्याच्या अर्धशतकानंतर. म्हणजे उपाय आधी सापडला, तो का चालतो हे नंतर कळलं. ज्याची ॲलर्जी आहे तीच गोष्ट अगदी थोड्या मात्रेपासून सुरू करून हळूहळू वाढवत नेतात. शरीरात आयजीजी-४ जातीची प्रतिपिंडं वाढतात, ती आयजीईच्या आधी त्या ॲलर्जनला, म्हणजे ॲलर्जी करणाऱ्या गोष्टीला गाठतात. शिवाय प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी-पेशी तयार होतात. अँटिहिस्टामिन, स्प्रे, इनहेलर ही औषधं घेत असेपर्यंत उपयोगी. मूळ ॲलर्जीचा कल बदलायचा प्रयत्न करणारा उपचार हा एकच, आणि कोर्स नीट पूर्ण झाला तर गुण पुढेही काही वर्षं टिकतो.

"सगळ्यांची मिळून एक बाटली" हे मला पटत नाही. आठ-दहा अर्क एकत्र केले की प्रत्येकाची मात्रा गुण येण्याच्या पातळीखाली जाते. झुरळ आणि बुरशीच्या अर्कांत प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात, ती त्याच बाटलीतल्या परागकणांचा अर्क निकामी करतात. आणि गहू, उडीद, वांगं त्या बाटलीत घालायला कसलाही आधार नाही.

तुमच्या वर्णनावरून डस्ट माइट हाच मुख्य आरोपी वाटतो. ठाण्या-मुंबईची दमट हवा त्याला फार मानवते. तो गादी-उशीत राहतो, आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतो, आणि ॲलर्जी होते ती मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांची. दुसऱ्या डॉक्टरबाईंचा मार्ग मला योग्य वाटतो. फक्त दमा आधी पूर्ण ताब्यात हवा. घरघर चालू असताना ही ट्रीटमेंट सुरू करत नाहीत. यात तडजोड नाही.

शेवंती (पुणे)

आमच्या लेकीचा इंजेक्शनांचा कोर्स पूर्ण झालाय. आता ती नववीत आहे. डस्ट माइटचीच ॲलर्जी, सोबत दमा.

सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला जायचं, मात्रा थोडी थोडी वाढत जाते. मग महिन्यातून एकदा. दंडावर मागच्या बाजूला, कातडीखाली टोचतात. सुई इन्सुलिनच्या सुईसारखी बारीक, त्यामुळे दुखण्याची भीती पहिल्या काही वेळांतच गेली. इंजेक्शननंतर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात. रिॲक्शन आलीच तर बहुधा त्या अर्ध्या तासात येते, म्हणून "घाई आहे, जाऊ का?" हा प्रश्न आमच्या डॉक्टर ऐकूनच घेत नसत. टोचलेल्या जागी लिंबाएवढी सूज बऱ्याचदा यायची, बर्फ लावला की दुसऱ्या दिवशी उतरायची. आत जाण्याआधी नर्स तिला पीक फ्लो मीटरमध्ये (श्वास किती जोरात सोडता येतो ते मोजणारी नळी) फुंकायला लावायच्या. आकडा कमी आला किंवा ताप असला की त्या दिवशी इंजेक्शन नाही. परीक्षा, पाहुणे, पाऊस, काहीही असलं तरी तारखा पाळायच्या, हे घरातल्या सगळ्यांनी मनावर घेतलं तरच जमतं.

फरक म्हणाल तर पहिले काही महिने काहीच जाणवलं नाही. साधारण वर्ष होत आलं तेव्हा लक्षात आलं की त्या पावसाळ्यात नेब्युलायझर कपाटातून काढलाच नव्हता. हळूहळू इनहेलरचा डोस डॉक्टरांनी उतरवत नेला. आजही माळा साफ करायला काढला की ती शिंकते. ॲलर्जी मुळापासून गेली असं मी म्हणणार नाही. पण ती आता रात्रभर शांत झोपते आणि शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये आहे.

पुण्याच्या लोकांसाठी एक: चाचणीत गाजरगवताचाही अर्क ठेवायला सांगा. हे गवत आपल्याकडे पहिल्यांदा नोंदलं गेलं तेच १९५०च्या दशकात पुण्यात. आता रिकामा प्लॉट दिसला की तिथे ते माजलेलं असतं, आणि त्याच्या परागांनी नाक आणि कातडी दोन्हीला त्रास होतो.

सातबारा (सांगली)

सगळं वाचलं. मी आजोबा आहे म्हणून जरा वेगळं लिहितो. आमच्या नातीलाही असाच त्रास होता, दहा-अकराव्या वर्षी आपोआप कमी झाला. मुलं मोठी होतात तशी ही दुखणी सुटतात. लहान जिवाला तीन-तीन वर्षं सुया टोचायच्या? त्या इनहेलरचीही सवय लागते म्हणतात. आम्ही गाद्या-गोधड्या उन्हात टाकायचो, सुंठ-गूळ द्यायचो. तसं काही करून बघायला काय हरकत आहे?

कडुनिंब (नाशिक)

काका, गाद्या उन्हात टाकण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. कडक उन्हाने गादी कोरडी होते आणि बरेच माइट मरतात. पण त्यांची विष्ठा तिथेच राहते, म्हणून नंतर गादी बाहेरच झटकायची आणि तेव्हा मुलाला लांब ठेवायचं. चादरी, अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवायचे. गादी-उशीला घट्ट विणीची, चेन असलेली खोळ घालायची. मऊ खेळणी पलंगावरून हलवायची.

मोठेपणी सुटण्याबद्दल: दूध आणि अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलांची वाढत्या वयात जाते. शेंगदाण्याची पाचातल्या एखाद्याचीच जाते. डस्ट माइटच्या नाकाच्या त्रासाचं तसं नाही, बऱ्याच जणांना तो मोठेपणीही राहतो, आणि नाकाची ॲलर्जी असलेल्या मुलांना पुढे दमा होण्याची शक्यता जास्त असते. युरोपात परागकणांची ॲलर्जी असलेल्या मुलांना तीन वर्षं इंजेक्शनं देऊन पुढे दहा वर्षांपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवलं, तेव्हा इंजेक्शनं घेतलेल्यांत दमा कमी जणांना झाला होता. गवताच्या परागकणांच्या, जिभेखाली ठेवायच्या गोळीवरच्या नंतरच्या मोठ्या अभ्यासात दम्याची लक्षणं आणि औषधं कमी झाली, पण दमा टळतो हे मात्र त्यात सिद्ध झालं नाही. म्हणून मी पालकांना दमा टळण्याचं वचन देत नाही.

इनहेलरची सवय लागत नाही. औषध थेट फुप्फुसात, मायक्रोग्रॅममध्ये जातं. तोंडाने दिलेल्या स्टेरॉइडच्या मानाने ते फार थोडं असतं. नंतर चूळ भरली की झालं. घरघरणाऱ्या मुलाला सुंठ-गूळ देत रात्र काढणं यात मला जास्त धोका दिसतो. आणि ज्यांची मुलं ॲलर्जी-दम्यासाठी मॉन्टेलुकास्टच्या गोळ्या घेतात त्यांनी लक्ष ठेवा: झोपेत दचकणं, चिडचिड, उदास राहणं असं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांना सांगा. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) २०२० मध्ये याबद्दल सर्वांत कडक इशारा दिला आहे.

टेम्सकाठ (लंडन)

आमची गोष्ट खाण्याच्या ॲलर्जीची आहे, म्हणजे वेगळ्याच वाटेची. मुलाला दीड वर्षाचा असताना शेंगदाण्याची रिॲक्शन आली. सगळं अंग लाल, ओठ सुजलेले, मग उलटी आणि खोकला. तेव्हापासून ॲड्रेनालिनची (जिवावर बेतणाऱ्या रिॲक्शनवरचं औषध) दोन ऑटोइंजेक्टर, म्हणजे आधीच भरलेली, मांडीवर दाबली की टोचणारी इंजेक्शनं, तो जिथे जाईल तिथे सोबत असतात, शाळेतही वेगळी ठेवलेली आहेत.

इकडे लेबलवर खूप भर आहे. २०१६ साली नताशा एडनान-लापेरूझ ही १५ वर्षांची मुलगी बॅगेट या लांबट पावातल्या तिळामुळे गेली. पाकिटावर तीळ लिहिलेले नव्हते. तिच्या आईवडिलांनी लढून कायदा बदलून घेतला. ऑक्टोबर २०२१ पासून दुकानातच बनवून पॅक केलेल्या पदार्थावरही सगळे घटक लिहावे लागतात.

सुट्टीत घरी आलो की खरी कसोटी. आपल्या स्वयंपाकात दाण्याचा कूट कुठे नसतो? साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, अळूची भाजी, चिवडा. कुटाच्या डब्यातला चमचा नकळत दुसऱ्या डब्यात जातो. तेलाचंही बघावं लागतं. रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, पण लाकडी घाण्याच्या तेलात ते असू शकतं. सासूबाईंनी त्याच्यासाठी कढई, झारा, पोळपाट-लाटणं सगळं वेगळं काढून ठेवलंय, आणि कुटाचा डबा आम्ही असेपर्यंत शेजारी मुक्कामाला जातो. त्यांनी एवढं मनावर घेतलं नसतं तर आम्ही येऊच शकलो नसतो.

ओरल (तोंडाने द्यायच्या) इम्युनोथेरपीबद्दल: शेंगदाण्याच्या मोजलेल्या पिठाचं पॅलफोर्झिया हे औषध अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये ४ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी मंजूर झालं, इंग्लंडच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत २०२२ मध्ये आलं. चाचण्यांत ते घेतलेल्या मुलांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुलं ६०० मिलिग्रॅम शेंगदाणा-प्रथिन पचवू शकली, म्हणजे साधारण दोन-तीन दाणे. एवढंच. मनसोक्त चिक्की खाण्यासाठी ही ट्रीटमेंट नाही, चुकून कणभर पोटात गेलं तर जीव धोक्यात येऊ नये यासाठी आहे. मुलाने ती घेतली. प्रत्येक वाढीव मात्रा हॉस्पिटलमध्ये, मग रोज घरी, आणि मात्रा घेतल्यावर दोनेक तास पळापळ नाही, गरम पाण्याची अंघोळ नाही. तापात मात्रा कमी करायची किंवा थांबवायची, तेही विचारून. पोटदुखी बरेच दिवस होती. घरी आम्ही सतत धास्तावलेले असायचो, पण आता वाढदिवसाच्या पार्टीला त्याला सोडून येता येतं.

पालवी (डोंबिवली)

टेम्सकाठ ताई, माझं बाळ पाच महिन्यांचं आहे, गालांवर आणि कोपरात एक्झिमा. सगळे सांगतात शेंगदाणा तीन वर्षांपर्यंत देऊ नको. तुमच्याकडे काय सांगतात?

टेम्सकाठ (लंडन)

आता उलटं सांगतात. इंग्लंडमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्राएलमधल्या मुलांच्या जवळपास दहापट होती, आणि इस्राएलमधली बाळं लहानपणापासून शेंगदाण्याचा बांबा नावाचा खाऊ खात होती. त्यावरून गिडिऑन लॅक यांच्या गटाने लंडनमध्ये लीप नावाचा अभ्यास केला, २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं. अर्ध्यांना शेंगदाणा नियमित दिला, अर्ध्यांना पाच वर्षांपर्यंत टाळला. टाळणाऱ्यांत १७ टक्के मुलांना ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांत ३ टक्क्यांना. पण तुमच्या बाळाला एक्झिमा आहे, तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवा, कधीकधी देण्यापूर्वी चाचणी करतात. आणि अख्खा दाणा किंवा दाण्याचे तुकडे नाहीत, घशात अडकतात. अगदी मऊ वाटलेली पेस्ट, पातळ करून.

रानवारा (कोल्हापूर)

मुलगी तीन वर्षांची. दाण्याचा लाडू खाल्ला की गांधी आणि उलटी, दोनदा झालंय. इथे ते पॅलफोर्झिया मिळत नाही. दाणे तर घरात आहेतच. मिलिग्रॅमचा काटा घेऊन कणाकणाने घरीच सुरू केलं तर? खर्चही वाचेल.

कडुनिंब (नाशिक)

नको. अगदी मनापासून सांगतो, हे घरी करू नका. पहिली मात्रा किती सोसते हे दवाखान्यात, सलाइन-ऑक्सिजनच्या तयारीत ठरवावं लागतं. काल सोसलेली मात्रा आज ताप असताना किंवा खेळून आल्यावर सोसत नाही, हे मी स्वतः पाहिलंय. काही मुलांना या उपचाराने अन्ननलिकेला इओसिनोफिलिक (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींमुळे येणारी) सूज येते, त्यासाठीही लक्ष ठेवावं लागतं. आपल्याकडे अशी ओरल इम्युनोथेरपी मोजक्या ठिकाणीच, देखरेखीखाली होते. तिथे दाखवून या.

त्याआधी ॲड्रेनालिनची सोय करा. ऑटोइंजेक्टर आपल्याकडे सहज मिळत नाहीत, पण ॲड्रेनालिनचा ॲम्प्यूल (काचेची छोटी कुपी) स्वस्त आहे. किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. तुमच्या मुलीच्या वजनाची मात्रा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि सिरिंज भरायला त्यांच्यासमोर शिका. घरातल्या दोघांतिघांना आलं पाहिजे. श्वास लागला, आवाज बसला, मूल मलूल पडलं तर अँटिहिस्टामिन पाजून वाट बघत बसायचं नाही. आधी ॲड्रेनालिन, मूल आडवं ठेवायचं, धाप लागली असेल तर बसवायचं, आणि तडक हॉस्पिटल.

ओमालिझुमॅब हे आयजीईला बांधून ठेवणारं इंजेक्शन एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये एक वर्षावरील रुग्णांच्या अन्नाच्या ॲलर्जीसाठी मंजूर केलं. चुकून खाल्लं गेलं तर रिॲक्शन सौम्य राहावी म्हणून. दर दोन किंवा चार आठवड्यांनी घ्यावं लागतं, बंद केलं की संरक्षण जातं, आणि महाग आहे. भारतात ते दमा आणि अंगावरच्या पित्तासाठी वापरात आहे.

मोरपंख (ठाणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देते. त्वचेवरची चाचणी झाली. डस्ट माइटची गांधी भली मोठी, झुरळाची लहान, खाण्याच्या पदार्थांची एकही नाही. त्याच संध्याकाळी त्याने तीन पोळ्या खाल्ल्या. इनहेलर नियमित केल्यावर घरघर थांबली, फुप्फुसांची तपासणीही चांगली आली, मगच थेंब सुरू केले. इंजेक्शनसाठी दर आठवड्याला सुट्टी मला मिळणार नव्हती. पहिली मात्रा दवाखान्यात दिली. जिभेखाली आणि ओठांना खाज सुटली, थोड्या वेळाने गेली. आता रोज सकाळी दोन मिनिटं जिभेखाली धरून गिळतो.

दोन प्रश्न राहिले. उन्हाळ्यात आम्ही गावी जातो, तिथे लाइट तासन् तास जाते, बाटलीचं काय करायचं? आणि त्याचा पुढचा दात हलतोय, तो पडला तर थेंब चालू ठेवायचे का?

शेवंती (पुणे)

बाटलीला २ ते ८ अंश लागतात. फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, दारात नको, बर्फाच्या कप्प्यात तर नाहीच. गोठलेली बाटली फेकून द्यावी लागते. लाइट गेली की फ्रीज उघडू नका. प्रवासात इन्सुलिन न्यायची थंड पिशवी घ्या, बर्फाच्या पॅकवर रुमाल गुंडाळा म्हणजे बाटली त्याला चिकटणार नाही.

कडुनिंब (नाशिक)

दात पडला, काढला किंवा तोंड आलं असेल तर जखम भरेपर्यंत थेंब थांबवा. साधारण आठवडाभर. पुन्हा सुरू करताना त्याच मात्रेने की कमी करून, हे तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारा. खंड जेवढा मोठा तेवढं खालून सुरू करावं लागतं. त्या दिवसांत इनहेलर आणि नाकाचा स्प्रे चालू ठेवा.